बिनदाताच्या जहाजाची बाजू

सोलापुरातल्या एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला यंदा विषय होता, ‘लहान देशांनी युद्धनौका घ्याव्यात की गस्ती जहाजे?’ ज्या जिल्ह्याला समुद्र नाही तिथल्या पोरांना हा विषय द्यावासा वाटला, याचे आधी बरे वाटले. मग भाषणे सुरू झाली. एका बाजूने ठणकावून सांगितले की ज्या जहाजावर क्षेपणास्त्र नाही ती तरंगती पोलीस चौकी; युद्ध पेटले की पहिल्याच दिवशी तळाला जाणार. दुसऱ्या बाजूने हिशेब मांडला की एका फ्रिगेटच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या, पैशात अनेक गस्ती जहाजे येतात, तेव्हा ती घ्या आणि मोकळे व्हा. टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या. एकाने तोफ मोजली, दुसऱ्याने किंमत. जहाज वर्षातले किती दिवस बंदराबाहेर असते आणि बाहेर जाऊन नेमके काय करते, हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी काढला नाही. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही; टीव्हीवरचे संरक्षणतज्ज्ञ रोज संध्याकाळी याहून वेगळे काही बोलत नाहीत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लहान नौदलाचे मुख्य जहाज गस्ती जहाजच असावे, म्हणजे ज्याला जगभर ‘ओपीव्ही’ (ऑफशोअर पेट्रोल व्हेसल) म्हणतात ते. ते मुद्दाम हलक्या शस्त्रांचेच ठेवावे. युद्धासाठी जे काही दात लागतील ते किनाऱ्यावर बसवावेत. आणि जहाजे तेवढीच घ्यावीत जेवढ्यांना खलाशी, डिझेल आणि सुटे भाग दरवर्षी पुरवता येतील. यातले शेवटचे वाक्य सगळ्यात कंटाळवाणे आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचेही.

ओपीव्ही म्हणजे साधारण सत्तर ते शंभर मीटर लांबीचे, दीड-दोन हजार टनांचे, डिझेल इंजिनांवर वीस-पंचवीस नॉट वेगाने जाणारे जहाज. पुढे एखादी मध्यम तोफ, दोन-चार मशीनगन, बाजूला झटपट पाण्यात सोडता येणाऱ्या रबरी बोटी, आणि बऱ्याचदा मागे हेलिकॉप्टर उतरण्यापुरता डेक. दिसायला लढाऊ, पण बांधणी पुष्कळदा व्यापारी जहाजाच्या जवळची. त्याची खरी ताकद कागदावरच्या तपशिलात दिसत नाही: दोन-तीन आठवडे ते खवळलेल्या समुद्रात एकटे राहू शकते आणि त्यावर माणसे कमी लागतात. आयर्लंडच्या सॅम्युअल बेकेट वर्गाच्या नव्वद मीटर लांब जहाजावर चव्वेचाळीस जणांचा ताफा असतो. फ्रिगेटला याच्या तिप्पट-चौपट माणसे सहज लागतात.

हे जहाज हवेच कशाला? १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने किनारी देशांना २०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचे, अनन्य आर्थिक क्षेत्र दिले. एका फटक्यात चिमुकले देश समुद्रातले जहागीरदार झाले. हिंद महासागरातल्या सेशेल्स बेटांचेच बघा. जमीन साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास, लोकसंख्या आपल्या बार्शी शहराएवढी, आणि समुद्र तेरा लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीपेक्षा जास्त. पण या जहागिरीची एक गंमत आहे. तिथली मासळी आणि तळाखालचे तेल तुमचे. पाणी तुमचे नाही. परक्यांची जहाजे तिथून जाऊ शकतात, परकी नौदलेसुद्धा. तेव्हा तिथे घडणारे गुन्हे बहुतेक कायद्याचे असतात: परवाना नसलेला ट्रॉलर, चोरटे डिझेल, अमली पदार्थांची खेप, क्वचित चाचे. अशा गुन्ह्यावर क्षेपणास्त्र काय कामाचे? तिथे रेडिओवरून थांबायला सांगावे लागते, बोट सोडून माणसे वर चढवावी लागतात, बर्फाखालची मासळी आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचे माप, तपासावा लागतो, फोटो काढावे लागतात, आणि मग ते जहाज दोन-दोन दिवस हाकत बंदरात आणावे लागते. उजनीच्या काठावरच्या कुणालाही विचारा. बारीक आसाच्या जाळ्यांनी मत्स्यबीज उपसू नये असा नियम आहे, कारवाईच्या बातम्याही अधूनमधून येतात. पण पहाटे होडी घेऊन पाण्यात कोण उतरणार, यावरच तो नियम जगतो किंवा मरतो. सेशेल्सचा प्रश्न तोच आहे, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा. गस्ती जहाज युद्धात टिकत नाही, हे खरे आहे, आणि ते गुळमुळीतपणे मान्य करून चालणार नाही. मार्च २०२४ मध्ये रशियाचे ‘सर्गेई कोतोव’ हे जेमतेम दोन वर्षे सेवेत असलेले गस्ती जहाज युक्रेनच्या मानवरहित बोटींनी क्रिमियाजवळ बुडवले. त्याच्यावर तोफ होती, हेलिकॉप्टरचा डेक होता, सगळे होते. म्हणजे आपल्या स्पर्धेतला पहिला वक्ता बरोबरच म्हणत होता की काय? मग त्याला विचारावेसे वाटते, एप्रिल २०२२ मध्ये ‘मोस्क्वा’चे काय झाले? ती क्रूझर होती, क्षेपणास्त्रांनी खच्चून भरलेली, काळ्या समुद्रातल्या रशियन आरमाराची ध्वजनौका. ती बुडवली किनाऱ्यावरच्या ट्रकवरून सुटलेल्या क्षेपणास्त्रांनी, आणि ज्या देशाने बुडवली त्याच्याकडे तेव्हा नाव घ्यावे असे मोठे जहाज उरलेच नव्हते. अरुंद समुद्रात, शत्रूच्या किनाऱ्याच्या टप्प्यात, मोठी युद्धनौकाही सुरक्षित नसेल, तर लहान देशाने आपली सगळी पुंजी एका फ्रिगेटमध्ये ओतून नेमके काय मिळवायचे?

दात किनाऱ्यावर ठेवा म्हणतो ते यासाठी. फिलिपिन्सने आपल्याकडून ब्रह्मोस घेतले, २०२२ साली करार, २०२४ च्या एप्रिलमध्ये पहिली खेप. ते जहाजांवर बसवायला घेतले नाहीत. किनाऱ्यावरून डागायच्या तोफखान्यासाठी घेतले. ट्रक झाडीत लपतो, जागा बदलतो, त्याला बंदर लागत नाही आणि रोजचे डिझेलही लागत नाही. उलट गस्ती जहाजावर क्षेपणास्त्र चढवले की त्यामागोमाग भारी रडार येते, लढाऊ संगणकप्रणाली येते, दारूगोळ्याची कोठारे येतात, ती सांभाळणारे तंत्रज्ञ येतात. माणसे दुप्पट होतात, दुरुस्तीचे महिने वाढतात आणि समुद्रावरचे दिवस घटतात. शिवाय एवढे करून ते फ्रिगेटशी लढू शकत नाहीच. त्याला आत्मविश्वास मात्र फ्रिगेटचा येतो, तो वेगळाच धोका.

ही विभागणी मराठी माणसाला नवी वाटायचे कारण नाही. कान्होजी आंग्र्यांचे आरमार आठवा. दात कुठे होते? कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग, म्हणजे किल्ल्यांच्या बुरुजांवर. समुद्रावर होती गलबते आणि गुराबा, हलकी, उथळ पाण्यात शिरणारी, आणि त्यांचे रोजचे काम होते दस्तक तपासण्याचे. या किनाऱ्यावरून माल न्यायचा तर आमचा परवाना घ्या. नसेल तर जहाज बंदरात चला. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले, कारण त्यांना तो परवाना घ्यायचा नव्हता. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. भर समुद्रात कंपनीच्या मोठ्या जहाजांशी तोफेला तोफ भिडवण्याच्या भानगडीत मराठी आरमार शक्यतो पडत नसे, आणि त्यात कमीपणाही मानत नसे.

कुणी म्हणेल, १७५६ चे काय? विजयदुर्गाचे बुरुज होतेच की, तरी तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. बरोबर. पण त्या वेळी समुद्राकडून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह होते आणि जमिनीकडून खुद्द पेशव्यांची फौज. १७२१ ला हाच पेशवा-पक्ष, तेव्हाचे बाजीराव, कुलाब्याच्या मदतीला आले होते. किनाऱ्यावरचे दात पाठीमागची जमीन आपली असेल तरच चावतात, ही या युक्तिवादाची मर्यादा मी मान्य करतो. घाटावरून समुद्राकडे नुसते भांडणाच्या नजरेने पाहिले की काय होते, याचाही तो नमुना आहे, आणि आम्ही सोलापूरकरही घाटावरचेच.

दुसरा आक्षेप जास्त आजचा आहे. चीनची सगळ्यात मोठी तटरक्षक जहाजे दहा-बारा हजार टनांची असतात. पाण्याचे फवारे मारतात, धडका देतात. त्यांच्यापुढे दीड हजार टनांचे गस्ती जहाज काय करणार? २०१२ च्या एप्रिलमध्ये स्कारबरो शोलला, म्हणजे चीन आणि फिलिपिन्स दोघेही हक्क सांगतात त्या दक्षिण चीन समुद्रातल्या खडकाळ उथळ भागात, याची परीक्षा झाली. चिनी मच्छीमार तिथे शिंपले आणि प्रवाळ काढत होते. फिलिपिन्सने आपली त्या वेळची सगळ्यात मोठी युद्धनौका ‘ग्रेगोरिओ देल पिलार’ पाठवली. माणसे चढली, पुरावा मिळाला, आणि मग चीनची दोन पांढरी, निमसरकारी दिसणारी जहाजे मध्ये येऊन उभी राहिली. जगासमोर चित्र असे उभे राहिले की मच्छीमारांवर युद्धनौका कोण आणते, तर फिलिपिन्स. मनिलाने युद्धनौका हटवून तटरक्षक जहाज पाठवले, पण वेळ गेली होती. काही आठवड्यांनी तेही परतले, चिनी जहाजे राहिली. यातला विनोद असा की ‘देल पिलार’ मुळात अमेरिकी तटरक्षक दलाचे जुने गस्ती जहाजच होते. फक्त रंग करडा होता.

तिथे खरीखुरी फ्रिगेट असती तर काय झाले असते? चिनी पांढऱ्या जहाजावर तिने गोळा डागला असता? डागला असता तर युद्ध, नसता डागला तर नामुष्की. बलाढ्य शेजारी इरेला पेटला तर ओपीव्ही पुरे पडत नाही, हे मान्य. पण मग फ्रिगेटही पुरे पडत नाही. अशा वेळी लागतात मित्र, न्यायालये आणि कॅमेरे. फिलिपिन्स आता तटरक्षक बोटींवर पत्रकारांना घेऊन जाते ते उगाच नाही. पण कॅमेरा न्यायलाही जहाज लागतेच.

याची उलट बाजू आइसलँडमध्ये दिसली. त्या देशाला नौदलच नाही. तरी मासेमारीच्या हद्दीवरून १९५८ पासून १९७६ पर्यंत तीन वेळा त्याच्या मूठभर गस्ती जहाजांनी ब्रिटिश ट्रॉलरांची आणि त्यांच्या राखणीला आलेल्या फ्रिगेटींची दमछाक केली. १९७२ पासून त्यांनी एक साधे हत्यार वापरले: पाण्यातून ओढायचा, ट्रॉलरच्या जाळ्याची तार कापणारा काटा. तार तुटली की जाळे गेले, जाळे गेले की मोहीम गेली. फ्रिगेटी मध्ये घुसल्या, धडका झाल्या, जहाजांचे पत्रे फाटले. १९७६ च्या जूनमध्ये ब्रिटनने २०० मैलांची हद्द मानली. आइसलँड नाटोचा सदस्य होता, केफ्लाविकचा तळ अमेरिकेला हवा होता, म्हणून ब्रिटनचे हात बांधलेले होते, हे खरेच. शत्रू दोस्तांपैकी असला की लढाई सोपी जाते. पण तो राजकीय दबाव उभा राहायला आधी कुणीतरी रोज, हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकमध्ये, तिथे हजर असावे लागले.

हजेरी हीच या जहाजाची मुख्य कामगिरी आहे आणि हिशेबाच्या वहीत तिला रकाना नसतो. १९८१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने खर्च कपातीत ‘एन्ड्युरन्स’ हे दक्षिण अटलांटिकातले एकुलते एक गस्ती जहाज मागे घ्यायचे जाहीर केले. त्या लाल रंगाच्या जहाजाने अर्जेंटिनाचे आरमार रोखले असते असे कुणीच म्हणत नाही. पण ब्युनॉस आयर्समध्ये त्या घोषणेचा अर्थ लावला गेला की लंडनला तिथल्या आपल्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांची आता पर्वा नाही. पुढच्या एप्रिलमध्ये फौजा उतरल्या. किती पौंड वाचणार होते आणि किती गेले?

इथे सोलापूरचा एक धागा काढल्याशिवाय राहवत नाही. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. तोच पुढे सरकारी हिंदुस्थान शिपयार्ड झाला. आपल्या नौदलाची सुकन्या वर्गातली पहिली तीन गस्ती जहाजे कोरियात बांधली गेली, उरलेली चार या विशाखापट्टणमच्या गोदीत. त्यांपैकी ‘सरयू’ २००० साली श्रीलंकेला दिली गेली आणि ‘सयुरा’ झाली. सुमारे शंभर मीटरचे, किरकोळ तोफांचे हे जहाज श्रीलंकेच्या नौदलाचे मोठे जहाज ठरले. २००७ मध्ये तमिळ वाघांची शस्त्रांनी भरलेली ‘तरंगती गोदामे’ भर महासागरात, श्रीलंकेपासून शेकडो सागरी मैलांवर गाठून बुडवली गेली, त्या मोहिमांत ‘सयुरा’ होती. इंधन पुरवायला धड जहाज नव्हते, म्हणून जुन्या टँकरवर भागवले. तिथे क्षेपणास्त्र नसल्याचे कुणाला जाणवले? जाणवले असते ते इतक्या लांब जाऊन आठवडाभर थांबू शकणारे जहाज नसणे. जलद हल्ला बोटी श्रीलंकेकडे भरपूर होत्या. त्या किनाऱ्यापाशी प्राणपणाने लढल्या, पण तिथवर पोचल्या नसत्या.

मोठ्या नौदलांनाही हे जहाज लागते. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या पूर्वेला ‘आयएनएस सुमित्रा’ने दीड दिवसात दोन इराणी मच्छीमार जहाजे चाच्यांकडून सोडवली, दुसऱ्यावरचे एकोणीस जण पाकिस्तानी होते. गोव्यात बांधलेले हे गस्ती जहाज २०१५ मध्ये एडनच्या धक्क्याला लागून भारतीयांना येमेनमधून बाहेर काढायलाही गेले होते. विनाशिका, म्हणजे मोठ्या युद्धनौका, दुसरीकडे मोकळ्या राहिल्या, तो फायदा वेगळा. भारताने तर १९७० च्या दशकातच ओळखले होते की सोन्याच्या तस्करांमागे युद्धनौका पळवणे परवडत नाही. रुस्तमजी समितीच्या शिफारशीवरून १९७८ च्या कायद्याने तटरक्षक दल वेगळे झाले. लहान देशाला दोन दले परवडत नाहीत. त्याने एकच ठेवावे आणि ते तटरक्षक दलासारखे असावे.

पण आता दुसऱ्या वक्त्याकडे वळतो, कारण माझा जास्त राग त्याच्यावर आहे. ‘स्वस्त आहेत, भरपूर घ्या’ हा युक्तिवाद पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण तो शहाणा वाटतो. मोझांबिकने २०१३-१४ मध्ये ट्यूना मासेमारी आणि सागरी सुरक्षेच्या नावाखाली सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जे उचलली, त्यातली बरीचशी संसदेपासून लपवून. बोटी आल्या आणि राजधानी मापुतोच्या बंदरात गंजत पडल्या. मदत देणाऱ्यांनी हात आखडले, चलन कोसळले, आणि त्या वेळचे अर्थमंत्री पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरले. ‘गस्ती जहाज’ हा शब्द इतका निरुपद्रवी आहे की त्याच्या आडून काहीही खपते. क्षेपणास्त्र घेताना दहा जण प्रश्न विचारतात. मासळीचे रक्षण करायला नाही कोण म्हणेल?

भ्रष्टाचार सोडा, प्रामाणिक देशांचे काय झाले ते पाहा. आयर्लंडकडे आधुनिक, उत्तम ओपीव्ही आहेत आणि त्यातल्या काही धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या, कारण खलाशीच नाहीत. न्यूझीलंडवरही हीच पाळी आली. दोन्ही श्रीमंत देश. पगारात खासगी कंपन्यांशी बरोबरी होईना. इंजिनरूममधला अनुभवी माणूस गेला की तो तयार करायला दहा वर्षे लागतात, आणि जहाज तीन वर्षांत बांधून होते. शिवाय नौदलांचा जुना ठोकताळा आहे की एक जहाज सतत समुद्रावर हवे तर तीन बाळगावी लागतात: एक गस्तीवर, एक दुरुस्तीत, एक सरावात किंवा वाटेत. मंत्री फीत कापताना तीन म्हणतो. मच्छीमाराला एकच दिसते, तेही सगळे सुरळीत असेल तर. मालवणचा मच्छीमार परप्रांतीय ट्रॉलरांबद्दल ओरडतो तेव्हा कागदावर किती गस्ती नौका आहेत याने त्याचे समाधान का होत नाही, हे यावरून कळावे.

हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे, कारण आता आपण देणाऱ्यांत आहोत. कोलकात्यात बांधलेली ‘बाराकुडा’ २०१५ मध्ये मॉरिशसच्या सेवेत गेली, सेशेल्सला आपण एकामागून एक गस्ती नौका दिल्या, श्रीलंकेसाठी गोव्यात दोन बांधल्या. हार घालून जहाज द्यायचा समारंभ छान होतो. पंधरा वर्षे सुटे भाग, गोदीतली दुरुस्ती आणि त्यांच्या इंजिनीअरांचे प्रशिक्षण, याचा समारंभ होत नाही. मला विचाराल तर तिसरे जहाज देण्याऐवजी आधीच्या दोघांना वर्षातले दोनशे दिवस समुद्रावर ठेवण्याचा खर्च उचलावा.

सेशेल्सच्याच गोष्टीत आणखी एक भाग आहे. मार्च २०१० मध्ये त्यांच्या ‘टोपाझ’ने, आपल्याच नौदलात आधी ‘तरमुगली’ असलेल्या सेहेचाळीस मीटरच्या छोट्या बोटीने, चाच्यांशी झुंज देऊन ओलिसांना सोडवले. त्या काळात बलाढ्य नौदले चाच्यांना पकडून हत्यारे समुद्रात फेकत आणि त्यांना किनाऱ्यावर सोडून देत, कारण खटला कुठे चालवायचा हेच ठरत नसे. सेशेल्सने त्याच वर्षी आपला दंडविधान बदलून घेतला आणि दूर समुद्रात पकडलेल्या सोमाली चाच्यांवर खटले चालवायला सुरुवात केली. इतर देशांच्या नौदलांनी पकडलेले संशयितही तिथे आणून सोपवले जाऊ लागले. बार्शीएवढ्या देशाला त्यासाठी न्यायाधीश, दुभाषे, वकील आणि तुरुंगात जागा शोधावी लागली. पुढच्या वर्षी स्पर्धेला हाच विषय ठेवायचा असेल, तर पोरांना एवढेच सांगावे की जहाजाच्या खर्चात सरकारी वकिलाचा पगारही धरा.